आधी मुकादम

"त्याच्या वाटीत मीठ पडता नये, समाजलात? कोंबडी उकडून ठेवलंय, ती वायंच वायंच, थोडी थोडी घाला. आणि खाल्ल्यान नाय तर माका लगेच फोन करा."

मंदा पायात चपला घालता घालता बोलत होती. बोलणं माझ्याशी चाललं होतं, पण डोळे खिडकीत पसरलेल्या बोक्यावर होते. शिरोड्याला तिच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. जाऊन संध्याकाळी परतायचं, एवढाच प्रवास. पण निरोप असा चालला होता, जणू ती काशीला निघाली आहे.

"आणि माका?" मी विचारलं.

"तुमका पेज असा. फणसाची भाजी झाकून ठेवलंय." मग आठवल्यासारखं तिनं वळून सांगितलं, "आणि ता परवाचा बांगड्याचा तिखला माडाच्या मुळात ओता. मे महिनो असा, वास येवक लागलो."

बोक्याला उकडलेली कोंबडी आणि नवऱ्याला पेज. खिडकीतून मुकादमानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

मुकादम हे नाव माझंच. वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर मी गाड्या सोडणारा कंट्रोलर होतो, उभा जन्म तिथं गेला. निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा हा काळा-पांढरा बोका आमच्या गडग्यावरून, दगडी कुंपणावरून, असा चालायचा, की खाली गडी काम करताहेत आणि हा त्यांच्यावर देखरेख ठेवतोय. म्हणून मुकादम. नाव मी ठेवलं आणि बोका तिचा झाला.

तसंही चाललं असतं. घरात मांजर असतंच. पण दिवाळीच्या सुमाराला तो भांडंभर पाणी प्यायला लागला, अंगानं उतरला, आणि मंदा त्याला पिशवीत घालून सावंतवाडीला जनावरांच्या डॉक्टर नेत्रा सामंतांकडे घेऊन गेली. परत आली ती डोळे पुसत. मुकादमाला मधुमेह निघाला होता.

मला हसू आलं. मांजराला मधुमेह! आणि हसू आवरल्यावर जे पोटात राहिलं ते काही हसू नव्हतं. कारण मधुमेह मलाही होता, त्याच्या कितीतरी आधीपासून. इन्शुलिनवर होतो. माझं कळलं तेव्हा ही बाई रडल्याचं मला आठवत नव्हतं. चहातली साखर बंद केली आणि कामाला लागली.

मुकादमाचं मात्र सगळं निराळं. फ्रिजच्या दारात जिथं माझी इन्शुलिनची बाटली असायची तिथं त्याची बाटली आली, माझी गेली मागे, लिंबाच्या लोणच्याजवळ. साखर तपासायचं माझं यंत्र त्याच्या कानाच्या कडेला टोचायला लागलं. सुई द्यायची वेळ झाली की ती जमिनीवर मांडी घालायची, तो आपणहून तिच्याकडे पाठ करून बसायचा, ती मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि म्हणायची, "झाला हां सोन्या, झाला माझ्या राजा." सोन्या! लग्नाला एवढी वर्षं झाली, मला हाक मारताना ती 'अहो'च्या पलीकडे गेली नव्हती.

माझी सुई मी आतल्या खोलीत जाऊन, दार लावून घ्यायचो. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. वेळेच्या बाबतीत मी एसटीचा माणूस. गाडी भरलेली असो की रिकामी, वेळ झाली की सुटलीच पाहिजे. त्यात कधी मिनिट इकडचं तिकडे झालं नाही, आणि त्याबद्दल कधी कुणी मला सोन्या म्हटलं नाही.

तर मंदा गेली, आणि घरात आम्ही दोघेच राहिलो.

दुपारी मी पेजेचं झाकण उघडलं, परत ठेवलं. मग फळीवरचं मातीचं मडकं खाली घेतलं. आमच्याकडे बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं दाट कालवण, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, अशी आईची शिस्त होती. मडक्यात ठेवायचं, बाहेर. दुसऱ्या दिवशी तिरफळं नि मिरची आत मुरतात आणि पहिल्या दिवशीच्या तिखल्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी इतकं लागतं तर तिसऱ्या दिवशी किती लागेल, असा माझा हिशेब. वास आला थोडा आंबूस. पण कोकमाचं आगळ घातलेलं तिखलं आंबूस येणारच. उरलेल्या भातावर घेतलं, आणि खरं सांगायचं तर झकास लागलं.

दुसऱ्या घासाला पायाला काहीतरी मऊ घासलं. मुकादम! कोंबडीची वाटी तशीच भरलेली ठेवून हा माझ्याकडे आला होता. मागच्या दोन पायांवर उभं राहून त्यानं माझ्या मांडीवर पंजे ठेवले आणि तोंड उघडून आवाज न करता ओरडला. एवढ्या वर्षांत तो मंदाच्या पुढे असा बसलेला मी पाहिला होता, माझ्या पुढे कधी नाही.

"काय रे, आज वाट चुकलंस?"

एका बांगड्याचं डोकं मी पाण्यात खळखळून धुतलं, मिरची काढली, काटे काढले आणि बोटांवर धरलं. त्यानं ते खाल्लंच, वर माझी बोटं चाटली. त्याची जीभ इतकी खरखरीत असते, हे मला माहीतही नव्हतं. मग मी आणखी एक तुकडा धुतला. मग आणखी. संध्याकाळी मंदा येईल, कोंबडीची वाटी बघेल, आणि तिला कळेल की तिचा राजा माझ्या हातून जेवला. हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी मजेत हात धुतले आणि आडवा झालो.

उठलो तो पोटातल्या मुरड्यानं. मागच्या दारी पोफळीच्या बुंध्याशी ओकून मोकळा झालो, तोंड धुतलं, तर पुन्हा तेच. आत आलो तर ओटीवर मुकादमानंही तोच कार्यक्रम उरकला होता. एकदा चटईवर, एकदा माझ्या चपलेत. आणि आता तो कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून बसला होता.

मी चटई धुवायला घेतली, तेवढ्यात फाटक वाजलं.

"काय झाला?" मंदानं दारातूनच विचारलं. पिशवी तिथंच टाकली. "ओकलो? कितीदा ओकलो? वाटी तर भरलेली असा! खाल्ल्यान नाय, तर माका फोन कित्याक करूक नाय?"

"आता करतलंय होतंय."

"अगो बाय माझ्या." हे बोक्याला. तिनं त्याला उचललं, पदरात घेतलं, त्याच्या हिरड्या बघितल्या, मानेची कातडी चिमटून सोडली आणि ती किती वेळात बसते ते पाहिलं. मी धुतलेली चटई हातात घेऊन उभा होतो. माझा चेहरा तेव्हा कसा दिसत असेल ते मला ठाऊक होतं, आरशात बघून आलो होतो. पांढराफटक. पण तिची मान वर झाली नाही.

तिथं माझ्या मनात आलं, बघूया. आपण होऊन सांगायचं नाही. बघूया, विचारते का.

तिनं डॉक्टरना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण दोन्ही हात बोक्याला लागत होते. मी खुर्चीत बसून सगळं ऐकलं. अक्षर न् अक्षर ऐकलं.

"काही खाल्लंय का त्यानं?" डॉक्टर विचारत होत्या.

"कोंबडी शिवाक नाय. दोन-तीनदा ओकलो, आणि पोट पण बिघडला असा."

"मग एक गोष्ट आधी लक्षात घ्या. आज संध्याकाळची सुई नेहमीसारखी द्यायची नाही. पोटात अन्न नाही आणि सुई पूर्ण गेली, तर साखर एकदम खाली येईल. कानातून तपासा आणि मला आकडा सांगा."

मंदानं तपासलं, आकडा सांगितला.

"ठीक आहे. आत्ता सुई नकोच. तासाभरानं चमचाभर पाणी. ते राहिलं तर परत चमचाभर. मग कोंबडीचा अगदी छोटा तुकडा. जबरदस्तीनं भरवू नका, पण मांजराला फार वेळ उपाशीही ठेवायचं नसतं, तेव्हा सकाळपर्यंत खाल्लं नाही किंवा परत उलटी झाली तर सरळ इकडे घेऊन या. आणि त्याच्याजवळ बसून राहा. अंग थरथरायला लागलं, चालताना तोल गेला, नजर कुठंतरी भलतीकडे लागली, तर मध घ्या आणि बोटानं हिरड्यांवर चोळा. आणि मग मला फोन."

"मध काढूनच ठेवलेलो असा," मंदा म्हणाली. खरंच होता. फ्रिजवर, वेगळ्या बाटलीत, फक्त मुकादमासाठी. त्याला हात लावायची मला बंदी होती.

फोन ठेवून ती बोक्याला मांडीवर घेऊन बसली. मी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजत आले होते.

मी उठलो. फ्रिजमधली बाटली घेऊन आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, रोजच्याइतकी ओढली आणि टोचली. आता कुणी म्हणेल, अहो, आत्ताच तर कानावर पडलं! पडलं होतं. पण ते बोक्याबद्दल होतं. मांजराच्या डॉक्टरणीनं मांजराबद्दल सांगितलेलं मी माझ्या अंगाला कशाला लावून घेऊ? माझी वेळ सातची. आणि मनात राग असा होता, की त्यापुढे पोटातली पोकळी जाणवतच नव्हती.

बाहेर येऊन परत खुर्चीत बसलो.

"जेवान वाढू?" तिनं वर न बघता विचारलं.

"भूक नाय."

"बरा," ती म्हणाली आणि त्याच्या कानामागे खाजवायला लागली.

बरा! ही बाई बोक्यानं एक तुकडा टाकला तर सावंतवाडीला फोन लावते, आणि मी जेवत नाही म्हटलं तर बरा. मला तेव्हा त्या जनावराचा जेवढा मत्सर वाटला, तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही. माझ्याआधी बढती मिळालेल्या लोकांचाही नाही. त्याच्या पाठीवरून फिरणारा तिचा हात मी बघत होतो. त्या हातात बांगड्या किती सैल झाल्यात, हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

मग हात दोन दिसायला लागले. मग घाम आला, मानेवरून, छातीवरून, पंखा चालू असताना. बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप वाजायला लागली. मी ती दाबून धरली. बोलायचं नाही ठरवलं होतं ना! पण समोर ओटीच्या जागी स्टँड दिसायला लागलं, फलाटावर गर्दी, आणि मुकादम तिकीट न काढता बाकावर बसलेला. मी माईक तोंडाशी धरला.

"सावंतवाडीहून येणारी... शिरोड्याला जाणारी गाडी... फलाट क्रमांक..."

"अहो?"

"प्रवाशांनी रांगेत..."

"अहो, काय बोलतात? हंय बघा. माझ्याकडे बघा."

मी पाहिलं. तिच्याकडेच पाहत होतो, पण ती म्हणते, मी भिंतीकडे बघत होतो.

"सुई घेतल्यात?"

"वेळेवर," मी अभिमानानं म्हणालो. जीभ जड झाली होती.

"आणि दुपारी खाल्लेला पोटात असा की गेला?"

मी पोफळीच्या दिशेनं हात केला.

आणि मग एक गोष्ट घडली. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण ही गोष्ट मी पाहिली आणि आजही जशीच्या तशी सांगू शकतो. मंदानं मुकादमाला मांडीवरून खाली टाकलं. ठेवलं नाही, उतरवलं नाही, टाकलं. तो धप्पकन पडला आणि अपमान झाल्यासारखा बघत राहिला.

पुढच्या क्षणी तिचं बोट माझ्या तोंडात होतं. गालाच्या आतून, हिरड्यांवरून, एकदा, परत, गोड गोड. दुसऱ्या हातानं तिनं माझी हनुवटी धरली होती. "गिळा. गिळतात मा? हां. अजून. माझ्याकडे बघा. झाला हां, झाला." मग साखरेचं पाणी, घोट घोट, मध्येच थांबून, मी गिळलं याची खात्री करून. मग यंत्र, माझंच, माझ्याच बोटाला. आकडा बघून तिचे ओठ आवळले गेले, पण हात हलला नाही. परत साखरपाणी. थोड्या वेळानं परत यंत्र बोटाला, परत आकडा. मग आमच्या डॉक्टर कामतांना फोन, आणि त्यांना तिनं कसं सांगितलं! कधी सुई घेतली, किती घेतली, पोट कधीपासून बिघडलंय, आधी आकडा किती, आता किती. आमच्या डेपोत एवढा नेमका रिपोर्ट कुणी दिला नसता. कामत म्हणाले, सावरताहेत ते, पेज द्या थोडी थोडी, तपासत राहा, साखर खाली आली तर लगेच घेऊन या.

मी पेज प्यायलो. दुपारी नाक मुरडलं होतं तीच. फलाट गेला, ओटी परत आली.

"पोटात काय गेला तुमच्या?" मंदानं विचारलं.

"तिखला."

"आणि त्याच्या?"

मी मुकादमाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघायला लागला.

"ताच," मी म्हणालो.

ती हसली नाही, रागावलीही नाही. भिंतीला टेकून खाली बसली. मधाची बाटली अजून तिच्या हातात होती.

"दुपारपासून ओकतात आणि माका सांगूक नाय?"

"तू खंय मोकळी होतंस? तुझो राजा होतो मा मांडयेर."

हे मी बोललो आणि ऐकून मलाच कसंसं झालं. या वयात! पण निघून गेलं होतं.

मंदा बाटलीचं झाकण फिरवत म्हणाली, "तुमची सुई सुरू झाली त्या पयल्या दिवशी मी खोलीत इलंय. आठवता? म्हटलंय, माका दाखवा कशी देतत ती. तुमी म्हटल्यात, माझा मी बघतंय, तुझा काय काम हंय? आणि दार लावन घेतल्यात. ता अजून लावलेलाच असा."

मला आठवत नव्हतं. दार मात्र समोर दिसत होतं.

"मगे निवृत्तीच्या आदल्या वर्षी स्टँडार पडल्यात. चार जणांनी तुमका उचलून ह्याच ओटयेर आणून घातल्यानी. आणि मी पाण्याचो तांब्यो घेवन उभी. थरथरतंय. तोंडात पाणी घालू की डोक्यार, काय कळाक नाय. घरची बाई मी, आणि तेंच्यातलो एक ड्रायव्हर माका सांगता, वयनी, साखर आणा." तिनं पदरानं नाक पुसलं. "तेच्यानंतर पण तुमी दार उघडूक नाय. मगे ह्या मांजराक झाला. डागतरीण म्हणाली, शिकतलात काय? मी म्हटलंय, सगळा शिकवा. मांजराक काय करतत ता सांगा, आणि माणसाक काय करतत ता पण सांगा. ती म्हणाली, माणसाचा कित्याक? मी म्हटलंय, घरात अजून एक असा."

मुकादम उठला. तोल सांभाळत तिच्यापाशी आला आणि सवयीनं तिच्याकडे पाठ करून बसला.

"बघा," ती म्हणाली. "ह्यान माका हात लावूक दिल्यान."

माझ्या तोंडात अजून मधाची चव होती. मंदानं वाटीत चमचाभर पाणी घेतलं आणि मुकादमासमोर धरलं. त्यानं ते चाटलं, आणि आम्ही दोघांनीही श्वास धरून वाट पाहिली. पाणी राहिलं.

सकाळी त्यानं कोंबडीचे दोन तुकडे खाल्ले. मंदानं कान तपासून डॉक्टरना आकडा सांगितला, त्यांनी आज सुई निम्मीच द्या म्हटलं. कामतांनी मलाही तेच सांगितलं, आधी खा, मग निम्मी घ्या. मी खाल्लं. सात कधीच वाजून गेले होते आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा गाडी लेट होती.

मी फ्रिजमधली बाटली घेऊन आतल्या खोलीत गेलो. सुई घेतली, आणि दार न लावता परत बाहेर आलो. मंदा ओटीवर मांडी घालून बसली होती. मुकादम तिच्यापुढे पाठ करून तयार. मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो, बाटली पुढे केली आणि म्हणालो, "माझी सुई आधी."

तिनं बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. मग बोक्याच्या मानेची कातडी चिमटीत उचलत म्हणाली,

"रांगेत रवा."

उभा जन्म मी लोकांना रांगेत उभं केलं होतं. त्या सकाळी एका बोक्याच्या मागं उभा राहिलो, शर्ट वर धरून.